गाणे अब्बांचे, पिन अर्थिंगची

अब्बांच्या ॲम्प्लिफायरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येई. कुणाच्या तरी सल्ल्याने प्लगची जाड पिन काढली. आवाज थांबला, अब्बा खूश! काही दिवसांनी माझ्या मुलीचा हात त्या लोखंडी पेटीला लागला आणि झटका बसून ती किंचाळली. अल्लाहची मेहरबानी, थोडक्यात निभावले.

ती जाड, लांब पिन अर्थिंगची असते. बिघाड होऊन पेटीत वीज उतरली, तर ती याच वाटेने जमिनीत जाते. घुंऽऽ आवाज बऱ्याचदा टीव्ही आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यामुळे येतो. आम्ही ॲम्प्लिफायर दुरुस्त केला, तीन पिनांचा नवा प्लग बसवला आणि दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घेतली. आवाज जवळजवळ गेला.

सॉकेट घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस १२९३ हा क्रमांक पाहा. प्लग घट्ट बसायला हवा. पकड सैल असली की सॉकेट तापते, ठिणग्या उडतात, स्पीकरमध्ये खरखर येते. घरात लहान मुले असतील तर शटरचेच सॉकेट घ्या.

३०० वॅट घेणारा ॲम्प्लिफायरही २३० व्होल्टवर दीड अँपिअरपेक्षा कमीच वीज ओढतो. त्याला ६ अँपिअरचे सॉकेट पुरते. ‘ऑडिओसाठी खास’ म्हणून हजारो रुपये मोजू नका. त्याऐवजी परवानाधारक वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या.

अब्बा आता गाणी ऐकतात आणि नात पेटीला टेकून बसते.