चित्रकार नाही व्हायचं, ग्राहकाला कळेल इतकं स्केच यायला हवं!



"सर, मला साधी सरळ रेषसुद्धा मारता येत नाही." ट्रेनिंगमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण तुम्ही फर्निचर, ब्लाऊज, केक किंवा बोर्ड, काहीही ऑर्डरप्रमाणे बनवत असाल तर एवढं यायलाच हवं. ग्राहक म्हणतो, "कोपरा थोडा गोल ठेवा." त्याचा 'थोडा' आणि आपला 'थोडा' वेगळा निघतो. ८ बाय ४ ची प्लायची शीट एकदा कापली की परत जोडता येत नाही, आणि तो खर्च आपल्याच गल्ल्यातून जातो. कागदावरची चूक मात्र खोडरबराने जाते.

"मोबाईलवर फोटो दाखवतो की!" फोटोत दुसऱ्याचं कपाट असतं. या ग्राहकाच्या भिंतीवर काय बसेल, ते स्केचच सांगतं.

सामान : एचबी पेन्सिल, खोडरबर आणि जुन्या बिलांचे पाठकोरे कागद. पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवा. रोज फक्त १५ मिनिटं द्या.

आठवडा १ : रेषा
दोन टिंबं द्या आणि जोडा. लांब रेषेला मनगट नाही, खांद्यापासून हात हलवा. आधी हवेतल्या हवेत दोनदा फिरवा, मग टेकवा. नजर पेन्सिलीवर नको, पोचायच्या टिंबावर ठेवा.

आठवडा २ : खोकं आणि डबा
कपाट म्हणजे खोकं, केक म्हणजे डबा. डब्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीवर धरलं तर नुसती आडवी रेष दिसते. खाली नेत जाल तसं ते उघडत जातं. नवीन माणूस या चपट्या गोलाची टोकं पानासारखी टोकदार काढतो. ती नेहमी वळलेलीच असतात.

आठवडा ३ : प्रमाण
हात पूर्ण ताणा, एक डोळा मिटा. वस्तूची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने मापा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवेल!
आणखी एक युक्ती बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे गाजली : चित्र उलटं ठेवून बघून काढा. सरळ असलं की आपण मनातली खुर्ची काढतो. उलटं ठेवलं की समोर दिसतं ते काढतो.

आठवडा ४ : धंद्याचं स्केच
एकच वस्तू समोरून, बाजूने आणि वरून काढा. प्रत्येक बाजूला माप लिहा, इंच की सेंटीमीटर तेही लिहा. खाली तारीख आणि ग्राहकाची सही घ्या. रेष थोडी वाकडी चालेल, आकडा वाकडा चालणार नाही.

आजचा होमवर्क : काउंटरवरची एक वस्तू काढा, तारीख टाका आणि जपून ठेवा. चौथ्या आठवड्यात तीच वस्तू पुन्हा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

चला, पेन्सिलीला टोक करा!