दोन कंपन्या एक झाल्या, कारागिरांचा हिशेब मात्र राहून गेला

विमान दोन तास उशिरा सुटले की कोणाचे काय बिघडते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आखाती देशात कामावर हजर व्हायला निघालेला मुलगा विमानतळावर अडकतो. दिल्लीला ऑर्डर घ्यायला गेलेल्या व्यापाऱ्याची बैठक हुकते. आंबा, मासळी, भाजीपाला असा नाशवंत माल तर बराचसा प्रवासी विमानाच्या पोटातूनच जातो. विमान रद्द झाले की माल जागेवरच राहतो. अशा वेळी आपण धुक्याला, पावसाला किंवा नशिबाला दोष देतो. परंतु विमानाची वेळ पुष्कळदा आकाशात बिघडत नाही, ती पगाराच्या वहीत बिघडते. आपल्या देशातील दोन विलीनीकरणांची हकीगत त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

पहिली हकीगत सरकारी कंपन्यांची. १९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि दोन कंपन्या उभ्या राहिल्या. एअर इंडिया परदेशी जाणार आणि इंडियन एअरलाइन्स मुख्यतः देशात फिरणार, अशी वाटणी होती. दोघांची विमाने वेगळी, कामाचे तास वेगळे, भत्ते वेगळे, वैमानिकांच्या संघटनाही वेगळ्या. पन्नासहून अधिक वर्षे असे चालल्यावर २००७ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही कंपन्या कागदावर एक झाल्या. पाटी एक झाली, पण वैमानिकांचे पगार आणि बढतीच्या याद्या दोनच राहिल्या.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. २०११ च्या एप्रिल अखेरीस पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप पुकारला. कंपनी एक असेल तर मोबदलाही सारखा हवा, अशी त्यांची मुख्य मागणी होती. हा संप दहा दिवस चालला. दोन्ही बाजूंच्या नोकरांची घडी कशी बसवायची, हे ठरवण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली. समितीचा अहवाल आला २०१२ च्या जानेवारीत, म्हणजे विलीनीकरणानंतर चार वर्षे उलटून गेल्यावर. लग्न आधी आणि बोलणी नंतर, असा हा प्रकार!

अहवालानंतरही दुखणे थांबले नाही. २०१२ च्या मे महिन्यात दुसऱ्या बाजूचे, म्हणजे जुन्या एअर इंडियाचे वैमानिक आजारी असल्याचे कळवून घरी बसले. ड्रीमलायनर ही नवी मोठी विमाने यायची होती. ती आमच्या कंपनीने विलीनीकरणाच्या आधी मागवलेली आहेत, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षणावर हक्क आमचा, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या गटालाही तेच प्रशिक्षण मिळाले तर आपली बढती मागे पडेल, ही भीती त्यामागे होती. दिल्ली उच्च न्यायालयाने संपाविरुद्ध आदेश दिला, शंभरच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले, तरी संप ५८ दिवस लांबला. ऐन सुटीच्या हंगामात लांब पल्ल्याची उड्डाणे बंद पडली आणि कंपनीचे शेकडो कोटी रुपये बुडाले. ज्या विमानांवरून एवढे भांडण झाले त्यातले पहिले विमान देशात उतरले ते संप मिटल्यावर, सप्टेंबरमध्ये.

दुसरी हकीगत अलीकडची. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे परत गेली. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा ही कंपनी २०१५ पासून चालू होती आणि वेळ पाळण्याबद्दल तिचे नाव होते. ती एअर इंडियात विलीन करायचे ठरले. दोन्हीकडचा पगार एका मापाने मोजण्यासाठी नवे करार वैमानिकांपुढे ठेवण्यात आले. विस्तारात महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे बांधील होते. नव्या करारात ते ४० तासांवर आले; त्यापुढे जेवढे उडाल तेवढे वेगळे.

आमच्या कारागीर बांधवांना यातली मेख लगेच कळेल. बांधील रोजी कमी करायची आणि बाकीचे नगावर मोजायचे, असाच हा व्यवहार. काम भरपूर असेल तेव्हा तक्रार नाही, पण मंदीचा महिना आला की चूल थंडावते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एअर इंडियात २०२३ साली हाच आकडा २० तासांवरून ४० वर गेला होता. म्हणजे ४० हा आकडा एका घरात वाढ होता आणि दुसऱ्या घरात कपात. माप एकच, पण एकाला ते उदार वाटले व दुसऱ्याला कंजूष.

२०२४ च्या मार्चअखेरीस विस्ताराचे अनेक वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले. उड्डाणे रद्द होऊ लागली, बाकीची तासन्‌तास रखडली. सरकारने कंपनीकडून रोजचा अहवाल मागवला. शेवटी कंपनीने दिवसाची २५ ते ३० उड्डाणे, म्हणजे सुमारे दहावा हिस्सा, कमी केला. आमचे वेळापत्रक फार ताणलेले होते, हेही कंपनीला मान्य करावे लागले. पुढे १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विलीनीकरण पुरे झाले. त्याच वर्षी मे महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसमध्येही असेच घडले. तिथे एअरएशिया इंडियाशी जोडणी चालू होती. केबिन कर्मचारी मोठ्या संख्येने आजारी पडले आणि आखाताकडे जाणारे आमचे कितीतरी लोक विमानतळावर ताटकळले. २५ जणांना काढून टाकण्यात आले, पण कामगार आयुक्तांपुढे बोलणी होताच त्यांना परत घ्यावे लागले.

थोडे वैमानिक घरी बसले तर एवढा गोंधळ का होतो? कारण वैमानिक ऐन वेळी बाजारातून आणता येत नाही. एअरबस चालवणाऱ्याला बोइंग तशीच देता येत नाही. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि परवाना लागतो. सुरक्षेसाठी वर्षाला १००० तासांहून जास्त उडण्याची मुभा नाही, विश्रांतीचेही नियम आहेत. म्हणून ज्या कंपनीने माणसे मोजून मापून ठेवली तिचे वेळापत्रक वैमानिकांच्या राजीखुशीवर चालते. सुटीच्या दिवशी बोलावले असता ते आले तर विमान वेळेवर. न आले तर त्यांनी कोणताही नियम मोडलेला नसतो, आणि विमान मात्र उभे राहते.

आम्ही वैमानिकांची वकिली करीत नाही. भरलेल्या विमानातले प्रवासी ओलीस धरून हक्क मागणे योग्य नव्हे. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाचा या भांडणात काहीही दोष नसतो. परंतु मालकांनीही समजून घ्यावे, की यंत्रे, इमारती आणि कर्ज यांचा हिशेब आधी आणि माणसांचा शेवटी, ही रीत महाग पडते.

आपल्याकडेही दोन भाऊ दुकाने एकत्र करतात, दोन कारखानदार भागीदारी करतात. एकाचा कारागीर वीस वर्षे जुना, दुसऱ्याचा पाच वर्षांचा पण पगार जास्त. नवे यंत्र आले तर ते आधी कोण शिकणार? हेडमिस्त्री कोणाचा? मजुरी नगावर की महिन्यावर? हे प्रश्न भागीदारीच्या कागदावर सही होण्याआधी दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून सोडवावेत आणि लिहून ठेवावेत. पाटी एका दिवसात बदलता येते, पण मन एकदा दुखावले की माल वेळेवर निघत नाही. माल वेळेवर निघाला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि ते परत येईलच याची हमी कोणी देत नाही.