गळकं छप्पर: आधी निदान विका, मग काम



"सर, हातात सुतारकाम आहे, पण धंदा कशाचा करू?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. माझं उत्तर सोपं आहे. तुमच्या गावच्या जुन्या बाजारपेठेत जा आणि वर बघा. एकाला एक लागून असलेली घरं, मधली भिंत सामाईक, वर मंगलोरी कौलं, आणि मधेमधे निळी ताडपत्री. प्रत्येक ताडपत्रीखाली तुमचा एक ग्राहक राहतो.

पण थांबा. आधी आपल्याच बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट ऐका.

रत्नागिरी जिल्ह्यातला मुलगा, वडील सुतार. मागच्या एप्रिलमध्ये त्याने अशाच एका घराचं छप्पर घेतलं. खालूनच नजर टाकली आणि सांगून टाकलं, "काका, ३२ हजारांत पूर्ण करून देतो." कौलं उतरवली तर सात वाशांची भिंतीतली टोकं कुजलेली! शब्द दिला होता, म्हणून लाकूड आणि मजुरीचे ९ हजार स्वतःच्या खिशातून घातले. जूनमध्ये पाऊस लागला आणि पाणी पुन्हा त्याच कोपऱ्यात. पैसेही गेले, नावही गेलं. मला म्हणाला, "सर, मी काम तर नीट केलं होतं." खरंय. काम चुकलं नव्हतं, निदान चुकलं होतं.

गळतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

पाणी वरून शिरतं, रिपेवरून, वाशावरून घरंगळतं आणि तिसऱ्याच जागी टपकतं. म्हणून डाग दिसला तिथलं कौल बदलून भागत नाही. पाण्याची चाचणी घ्या. एक जण वर पाईप धरेल, एक जण माळ्यावर बॅटरी घेऊन बसेल. खालच्या ओळीपासून सुरुवात करा आणि थोडं थोडं वर सरका. उलट केलंत तर पाणी सगळीकडून वाहील आणि काहीच कळणार नाही.

लागून असलेल्या घरांत पहिला संशय सामाईक भिंतीवर घ्या. शेजारचं छप्पर उंच असेल, तर त्याची भिंत आणि आपली कौलं जिथे भेटतात तिथे फट पडते. लोक तिथे सिमेंट थापतात. लाकूड ऊन-पावसात हलतं, सिमेंट हलत नाही, मग तडा जातो. खरा उपाय म्हणजे भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत बसवायची आणि कौलांवर उतरवायची. पण ती भिंत शेजाऱ्याचीही आहे. हात लावण्याआधी त्याला विचारा, आणि ते बोलणं घरमालकाला करायला लावा.

वाशांची टोकं पेचकसाने टोचून बघा. पेचकस लोण्यासारखा आत गेला, की समजा लाकूड संपलं.

कौलांचा हिशोब

१०० चौरस फुटाला साधारण १४० ते १५० मंगलोरी कौलं लागतात. एक कौल दोन ते तीन किलोचं. म्हणजे तेवढ्या जागेत लाकडावर तीनशे-चारशे किलो भार! म्हणून आधी लाकूड, मग कौल.

जुनं कौल बोटाने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर काढा. आणि एक चूक टाळा: जुन्यांत नवी मिसळू नका. कारखान्यागणिक खाचांचं माप थोडं बदलतं, कौलं एकमेकांत बसत नाहीत. चांगली जुनी कौलं सगळी एका पाख्यावर लावा आणि दुसरं पाखं पूर्ण नव्याने करा.

कोटेशन दोन भागांत

पहिला भाग ठरलेला: कौलं उतरवणं, साफ करणं, पुन्हा बसवणं. दुसरा भाग उघडल्यावर कळणारा: वासा, रीप, पट्टी. याचा फक्त दर लिहा, फुटाप्रमाणे. खाली एक ओळ टाका, "जादा काम फोटो दाखवून, मालकाने हो म्हटल्यावरच." ही एक ओळ असती तर त्या मुलाचे ९ हजार वाचले असते.

आणि तपासणीचे पैसे घ्या. काम मिळालं तर बिलातून वजा करा. फुकट तपासणीला ग्राहकही किंमत देत नाही.

फोन मे महिन्यात, धंदा ऑगस्टमध्ये

शाकारणीची आठवण सगळ्यांना मे महिन्यात होते. तेव्हा माणसं मिळत नाहीत आणि घाईत चुका होतात. तुम्ही तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा. गळती डोळ्यांसमोर असते, ग्राहक वैतागलेला असतो. तेव्हाच आगाऊ रक्कम घ्या आणि काम दिवाळीनंतर करा. ओल्या कौलांवर मात्र कुणालाही चढवू नका, तपासणी माळ्यावरूनच. कोरड्यातही शिडी बांधलेली आणि कमरेला दोर हवाच. हा खर्च कोटेशनमध्ये धरा.

त्या मुलाचं पुढे काय झालं? तो ऑगस्टमध्ये त्याच काकांकडे गेला, चूक कबूल केली आणि उघडीप मिळाल्यावर पट्टी फुकट बसवून दिली. त्याच ओळीतल्या दोन शेजाऱ्यांनी त्याला तपासणीला बोलावलं. या वेळी पैसे घेऊन.

आजचा गृहपाठ: तुमच्या पेठेतल्या ताडपत्र्या मोजा आणि आकडा कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!