भेटवस्तूवर नाव कुणाचं?

(भवानी पेठ, सोलापूर इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समोर बसलेल्यांत टॉवेल-चादरीचे कारखानदार आहेत, शाळेचे गणवेश शिवणारे आहेत, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्या ताई आहेत. माल वेगवेगळा असला तरी दिवाळीच्या तोंडावर एक प्रश्न सगळ्यांनाच पडतो. यंदा पार्ट्यांना काय द्यायचं? मग कुणीतरी म्हणतं, सुक्या मेव्याचा डबा देऊ. कुणी म्हणतं, डायरी आणि पेन. हल्ली तिसरा एक पर्याय आलाय: ‘हँडमेड’ काहीतरी द्या, त्यावर समोरच्याचं नाव घाला, म्हणजे संबंध घट्ट होतात. आज आपण या तिसऱ्या पर्यायाबद्दलच बोलणार आहोत. तो खरा आहे, पण जसा विकला जातोय तसा नाही.

आधी एक साधी परीक्षा घेऊ. गेल्या दिवाळीत तुम्हाला आलेल्या पाच वस्तू आठवा. त्यांवर नाव कुणाचं होतं? बहुतेकांवर देणाऱ्याचं असणार. डायरीवर कंपनी, पेनवर कंपनी, डब्यावर कंपनी. कॅलेंडरचंही तसंच. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झालं, आणि त्यावर आपल्या दुकानाचं नाव छापून ते गिऱ्हाइकाला द्यायची रीत महाराष्ट्रात घरोघरी पोचली. रीत उत्तमच आहे. वर्षभर तुमचं नाव समोरच्याच्या भिंतीवर राहतं, यापेक्षा स्वस्त जाहिरात कुठली? जरूर द्या. मात्र तिला जाहिरात म्हणा, खर्चही जाहिरातीच्या खात्यात टाका. ती भेट नव्हे.

मग भेट म्हणजे काय? आपल्याकडे एक जुना शब्द आहे, वानवळा. शेतात हुरडा आला, बोरं आली, की त्यातला थोडा वाटा ओळखीच्या घरी जातो. हिशेब करून जात नाही, सणाची वाट बघत नाही. तो घेऊन कुणीतरी दारात येतं, ‘आमच्या रानातलं आहे’ म्हणतं आणि पाणी पिऊन जातं. महिन्या-दोन महिन्यांनी तीच पिशवी दुसरं काहीतरी घेऊन परत येते. रिकामी पिशवी परत करायची नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी सगळ्यांना ठाऊक असतं. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास यावर मोठा निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत देणं या तिन्ही गोष्टी समाजात बंधनासारख्या असतात, असं त्याने जगभरचे दाखले देऊन मांडलं. आपल्या आज्यांना ते निबंधाशिवाय कळत होतं, हा भाग वेगळा!

वानवळ्यात दोन गोष्टी असतात. एक, देणाऱ्याच्या रानातलं, म्हणजे त्याच्या कष्टाचं काहीतरी. दुसरी, घेणाऱ्याची आठवण. ‘तुमच्या धाकट्याला बोरं आवडतात ना, म्हणून आणली.’ धंद्यातल्या भेटीत या दोन्ही उतरल्या, तरच ती लागू पडते.

याचं एक ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारत जी-२० देशांचं अध्यक्षपद घ्यायच्या तयारीत होता. तेलंगणातल्या राजन्ना सिरसिल्ला जिल्ह्यातल्या एका विणकराने जी-२० चं बोधचिन्ह स्वतःच्या हाताने विणलं आणि पंतप्रधानांना पाठवून दिलं. ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला आणि सिरसिल्ल्याचं नाव देशभर गेलं. सोलापुरातल्या कितीतरी पद्मशाली घरांची मुळं तेलंगणात आहेत, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला घरचीच वाटते. पण जरा बारकाईने बघा. विणकराने काय विणलं? स्वतःचं नाव, स्वतःचं दुकान? नाही. समोरच्याच्या डोक्यात त्या महिन्यात जे चाललं होतं, ते विणलं. कसब त्याचं, विषय घेणाऱ्याचा. अशी वस्तू कपाटात जात नाही.

आता आपल्याकडे येऊ. सोलापुरात यासाठी काय आहे? पुष्कळ आहे.

पहिलं म्हणजे विणलेलं भिंतीवरचं चित्र, ज्याला इथे सगळे ‘वॉल हँगिंग’च म्हणतात. हातमागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. समोर चित्राचा कच्चा नमुना असतो आणि विणकर त्या त्या जागी त्या त्या रंगाचा आडवा धागा हाताने भरत जातो. गालावर सावली हवी असेल, तर तेवढ्याच चार बोटांत रंग बदलायचा. कापड सरसर पुढे जात नाही, चित्र वरवर चढत जातं. चेहऱ्याचं काम असेल तर हिशेब आठवड्यांचा, दिवसांचा नव्हे. म्हणून धनत्रयोदशीच्या आधी आठ दिवस फोन करून ‘पाच पीस पाहिजेत’ म्हणणाऱ्यांना आम्ही एवढंच सांगतो, की पाच पीस मिळतील, पण ते हाताने विणलेले नसतील.

दुसरं, घोंगडी. इथल्या घोंगडे वस्तीचं नाव रोज आपल्या तोंडी असतं, पण घोंगडी भेट द्यावी असं मनात येत नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी सुरुवातीला अंगाला टोचते. वापरता वापरता मऊ होते. शेतीच्या व्यापारातल्या माणसाला, बियाण्याच्या दुकानदाराला, द्राक्षबागायतदाराला ती दिली तर तो आधी हात फिरवून बघेल आणि मग आजोबांबद्दल बोलायला लागेल. डबा दिला तर असं बोलणं निघत नाही.

आणि तिसरी, अर्थातच आपली चादर आणि टॉवेल. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. भारतात पहिलं मानांकन दार्जिलिंग चहाला २००४-०५ मध्ये मिळालं, म्हणजे आपण अगदी सुरुवातीच्या रांगेत होतो. आता इथे थोडं थांबू, कारण खरी अडचण इथेच आहे.

सोलापुरी चादर आज बहुतेक सगळी यंत्रमागावर विणली जाते. जकार्ड लावलेला यंत्रमाग. तरीही भेटीच्या खोक्यात चादर ठेवून वर सुतळी बांधायची, खाकी कागदाचं लेबल लावायचं आणि त्यावर छापायचं, ‘हँडमेड विथ लव्ह’. हा प्रकार वाढलाय. घेणारा दिल्लीचा असेल तर त्याला फरक कळणार नाही, असा हिशेब असतो. पण आपली गिऱ्हाइकं कोण आहेत? कापडाचे व्यापारी. सुताचा नंबर बोटांनी ओळखणारी माणसं! त्यांना खोटं लेबल एका मिनिटात कळतं. कळल्यावर ते काही बोलत नाहीत, हे जास्त वाईट. पुढच्या वेळी तुम्ही मालाचं वजन सांगाल तेव्हा ते काट्यावर घालून बघतील.

यंत्रमागात लाजण्यासारखं आहे तरी काय? जकार्डची गोष्टच ऐका. फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा आणली. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक आडवा धागा, एक कार्ड. पुढे १८३९ मध्ये लिऑनमध्येच जकार्डचं स्वतःचं चित्र रेशमात विणलं गेलं आणि त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. बारकाई इतकी, की बघणाऱ्यांना ते छापील चित्र वाटायचं. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवली होती, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना तो ती कौतुकाने दाखवायचा. यंत्रावरची वस्तू होती आणि यंत्रावरची म्हणूनच तिचं कौतुक होतं.

आपणही तसंच सांगावं. ‘ही आमच्या यंत्रमागावरची चादर. तुमच्या दुकानाचं नाव कडेला विणलंय.’ संगणकावर चालणाऱ्या जकार्डने एखाद-दुसऱ्या नगासाठीही नमुना बदलता येतो, पूर्वीसारखी कार्डांची नवी माळ शिवावी लागत नाही. तेवढी सोय नसेल तर नुसतं नाव भरतकामाच्या मशीनवर काढून घ्या आणि भरतकाम म्हणूनच सांगा. जे हातमागाचं आहे त्यासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ची चिठ्ठी आहे, ती लावून घ्या. हातमाग आता फार थोडे उरलेत. जे उरलेत त्यांचं पोट ‘हाताचं’ या एका शब्दावर चालतं. आपण तो शब्द यंत्राच्या मालाला चिकटवला, तर पदरचं काही न देता त्यांच्या ताटातलं घेतो. आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

बरं, प्रत्यक्ष करायचं कसं?

समजा, हुबळीत आपला एक जुना दुकानदार आहे. बारा वर्षं माल घेतो, पैसे थोडे उशिरा देतो पण देतो. यंदा त्याने दुसरं दुकान काढलं. आपल्याला हे कसं कळलं? कारण आपला पोरगा वसुलीला गेला तेव्हा त्याने तिथे चहा घेतला आणि परत आल्यावर सांगितलं. ही बातमी कुठेतरी लिहून ठेवायची असते. आम्ही एक साधी वही सुचवतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. त्यावर दर आणि थकबाकी नको, ते खातेवहीत असतंच. इथे फक्त माणसाचं लिहा: दुकान कधी काढलं, आवड काय, घरात कुठलं कार्य आहे, आपल्या कुठल्या मालावर त्याचा जीव आहे. मग दिवाळीची वाट न बघता, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला एक विणलेली चौकट पाठवा. त्यावर त्याच्या दुकानाचं नाव कन्नडमध्ये, आपलं नाव कुठेच नाही. आपलं नाव सोबतच्या चिठ्ठीत.

ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहा. हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या टाइपात छापलेली चिठ्ठी लगेच ओळखू येते. त्यात प्रत्येक ‘र’ हुबेहूब सारखा असतो. माणसाच्या हातून दोन ‘र’ सारखे उमटत नाहीत. मजकूर तीन ओळींचा पुरे, पण त्यातली एक ओळ अशी हवी जी दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाइकाला पाठवता येणार नाही. ‘त्या पावसात ट्रक अडकला तेव्हा तुम्ही दोन दिवस थांबलात, ते लक्षात आहे.’ शंभर जणांना असं लिहिता येणार नाही, हे उघड आहे. दहा जणांना लिहा. बाकी नव्वदांना कॅलेंडर.

वस्तू करणाऱ्याचं नावही चिठ्ठीत घाला, अर्थात त्याला विचारून. आणि त्याला आगाऊ रक्कम द्या. भेट आपण देणार आणि उधारी विणकर सोसणार, असं नको.

आता कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकरात कलम १९४-आर आलं. धंद्याच्या संबंधातून एकाच माणसाला वर्षभरात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ किंवा वस्तू दिल्या, तर १० टक्के कर कापण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आली. जीएसटीतही भेट म्हणून दिलेल्या मालावरचा इनपुट क्रेडिट मिळत नाही. तपशील आपल्या सीएला विचारा, नियम बदलत असतात. आणि गणवेशवाल्यांनी हे नीट ऐका: समोरचा सरकारी अधिकारी असेल तर भेटीचा विचारच सोडा. त्यांच्या वर्तणुकीचे नियम वेगळे आहेत, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही सरळ गुन्हेगार ठरतो. हाताने विणली म्हणून लाच सोवळी होत नाही.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातला एक इथे दिला आहे.)

प्रश्न: एवढं सगळं करून गिऱ्हाईक मीटरमागे दोन रुपयांसाठी दुसरीकडे गेलं तर?

जाईल की. दोन रुपये म्हणजे त्याच्या वर्षभराच्या खरेदीत किती होतात ते त्याला कळतं. भेटीने दर झाकला जात नाही, उशिरा गेलेला माल झाकला जात नाही, आणि धुतल्यावर रंग सुटला तर अजिबातच नाही. मग फरक कुठे पडतो? जाण्याआधी तो फोन करतो का, इथे. ज्याच्याशी नुसता बिलाचा संबंध आहे तो न सांगता जातो, आपल्याला तीन महिन्यांनी कळतं. ज्याच्याशी बोलणं आहे तो म्हणतो, ‘शेट, मला इचलकरंजीहून एवढ्यात मिळतंय, तुम्ही काय करता?’ मग दर जुळतो किंवा जुळत नाही. जुळला नाही तरी वहीतलं त्याचं पान फाडू नका. पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न असेल, तर तिला चादर पाठवा.