पिकअपचा टॉर्क आणि क्लचचे आयुष्य

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कापसाची आवक वाढते आणि वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगकडे भरलेल्या पिकअप गाड्या धावू लागतात. ऐन हंगामात क्लच प्लेट गेली, की दुरुस्तीच्या खर्चासोबत दिवसाचे भाडेही बुडते.

या गाड्यांचे गिअर बहुधा हातानेच बदलावे लागतात. त्यामुळे टॉर्कचे, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचे, नियमन चालकाच्या डाव्या पायावर असते. समजा, इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे आणि पहिला गिअर व डिफरन्शियल तो प्रत्येकी चौपट करतात. तर मागच्या चाकांपर्यंत ३,२०० न्यूटन-मीटर जोर पोहोचतो. पुसदकडील चढावर रेस वाढवून क्लच झटक्याने सोडल्यास त्याहूनही मोठा धक्का प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शियलचे दाते सोसतात. अर्ध्या क्लचवर गाडी चढावर धरून ठेवली, तर प्लेट जळते. (तो वास चालकांच्या चांगलाच परिचयाचा!)

ऑटोमॅटिक पिकअपमध्ये गिअर बदलताना संगणक क्षणभर डिझेल कमी सोडून टॉर्क उतरवतो. त्यामुळे गिअर मऊ पडतो आणि आतील क्लच कमी घासतात. गाडी क्षणभर मंदावते, म्हणून हे नियंत्रण काढून टाकण्याचा हौशींचा उद्योग गिअरबॉक्सच्या मुळावर येणारा आहे. कापसाच्या पिकअपला असा संगणक नाही. तेथे चढाच्या पायथ्याशीच खालचा गिअर टाकावा आणि थांबताना हँडब्रेक ओढावा.