फोटो कापा, पण मूळ जपा

पुण्याहून सिंहगड रस्त्याने खडकवासला धरणाकडे निघाले की झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि फोटो अशा पाट्या जागोजागी दिसतात. २०२१ साली खडकवासला गाव पुणे महापालिकेत आले. वस्ती आधीपासूनच वाढत होती. जवळच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र यांसारख्या मोठ्या संस्था आहेत, शाळा-कॉलेजे आहेत. त्यामुळे फोटो आणि फॉर्मच्या गिऱ्हाइकाला येथे तोटा नाही. एक संगणक, एक स्कॅनर आणि एक चांगला प्रिंटर एवढ्या भांडवलावर आपले अनेक होतकरू तरुण या धंद्यात उतरत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

मात्र एक गोष्ट आम्हाला खटकते. फोटो स्कॅन करायचा, चेहऱ्याभोवतीचा भाग कापायचा, बॅकग्राउंड उडवायचे आणि निळा किंवा पांढरा रंग भरायचा, एवढेच काम आहे असे बहुतेकांना वाटते. आता तर मोबाइलवर एक बटण दाबले की बॅकग्राउंड जाते. पण बटण दाबता येणे म्हणजे काम येणे नव्हे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही खडकवासल्यात हाच धंदा करीत आहोत. या काळात जे शिकलो ते नव्या मुलांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमची चूक

१९९९ सालची गोष्ट. एक वयस्कर गृहस्थ जुना कौटुंबिक फोटो घेऊन दुकानात आले. फोटो १९६१ पूर्वीचा होता. त्या वर्षी १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. नदीकाठच्या असंख्य घरांतील चीजवस्तू त्या दिवशी वाहून गेली. या गृहस्थांचे घरही त्यांतच गेले. वाचलेल्या मोजक्या वस्तूंत हा फोटो होता. कोपऱ्यावर पाण्याचा डाग होता, पण चेहरे स्वच्छ होते.

"यातले फक्त आमचे वालिद मोठे करून द्या," असे त्यांनी सांगितले.

"चाचा, दोन दिवसांनी या," आम्ही म्हणालो.

आम्ही फोटो स्कॅन केला, वडिलांचा चेहरा आणि खांदे कापून घेतले, मागचे सर्व खोडले, निळा रंग भरला आणि त्याच फाइलवर सेव्ह केले. त्या काळी आमच्या संगणकाची हार्ड डिस्क अवघी चार जीबीची. पूर्ण स्कॅन ठेवायचा म्हणजे जागा अडणार, असा आमचा हिशेब. चाचा खूश झाले, आम्हीही खूश झालो.

काही वर्षांनी ते पुन्हा आले. मूळ फोटो त्यांनी काचेला चिकटवून फ्रेम केला होता. पावसाळ्याच्या ओलीने तो काचेला घट्ट बसला आणि कोणीतरी ओढून काढताना त्याची साल निघाली. "तुमच्या संगणकात आहे ना? त्यात मागे आमचे घर होते. नातवंडांना दाखवायचे आहे," ते म्हणाले.

आमच्या संगणकात फक्त निळ्या रंगावरचे वडील होते. घर आम्हीच खोडले होते. चाचा काही बोलले नाहीत. "असू द्या," एवढेच म्हणून गेले. त्या दिवसापासून आमच्या दुकानाचा पहिला नियम ठरला: मूळ स्कॅनला कधीही हात लावायचा नाही. त्याची प्रत काढायची आणि जे काय कापायचे ते प्रतीवर कापायचे.

स्कॅन किती डीपीआयवर करावा?

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. हिशेब साधा आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. फोटो आहे त्याच मापाचा छापायचा असेल तर ३०० वर स्कॅन पुरतो. दुप्पट करायचा असेल तर ६००, चौपट करायचा असेल तर १२०० लागतो.

समूह-फोटोतून एकच माणूस काढताना ही गोष्ट हमखास विसरली जाते. समजा, त्या माणसाचा डोक्यापासून खांद्यापर्यंतचा भाग फोटोत दोन सेंटिमीटर रुंद आहे. ३०० वर स्कॅन केल्यास हाती जेमतेम २३६ पिक्सेल येतात. ते आठ सेंटिमीटरवर ताणले की चेहरा फुटणारच. १२०० वर तोच भाग ९४५ पिक्सेलचा येतो आणि आठ सेंटिमीटरवर नीट छापता येतो. म्हणून आधी गिऱ्हाइकाला विचारा, "केवढा करायचा आहे?" मगच स्कॅनरचे झाकण उघडा.

मात्र जुन्या कागदी फोटोत मुळात जेवढे बारकावे आहेत त्याहून जास्त कोणताही स्कॅनर देऊ शकत नाही. ६०० च्या पुढे बऱ्याचदा फक्त कागदाचा पोत आणि धूळच मोठी होते. घरात निगेटिव्ह असेल तर तीच मागावी, तिच्यात प्रिंटपेक्षा जास्त माल असतो. स्कॅनर घेताना खोक्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नये. 'ऑप्टिकल' आकडा कोणता ते पाहावे. बाकीचे ठिपके सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात.

वर्तमानपत्र किंवा पत्रिकेत छापलेले चित्र असेल तर त्यात छपाईचे बारीक ठिपके असतात आणि स्कॅनमध्ये जाळी उमटते. त्यासाठी स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील 'डीस्क्रीन' पर्याय सुरू करावा. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नये, काचेसकट स्कॅन करावा. हे शहाणपण आम्हाला चाचांच्या फोटोनंतर आले.

क्रॉप शेवटी

क्रॉप म्हणजे नको असलेली कड कापणे. आधी फोटो सरळ करा, डाग काढा, उजेड-अंधार जमवा आणि क्रॉप सर्वांत शेवटी करा. आधीच कापले आणि नंतर गिऱ्हाईक म्हणाले, "थोडे खांदे दाखवा," तर सारे काम पहिल्यापासून करावे लागते. शिवाय फ्रेमची पट्टी चारी बाजूंनी थोडी कड खाते, म्हणून डोक्यावर जागा सोडावी.

फोटोशॉपमध्ये क्रॉप करताना 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स' या चौकटीतील खूण काढून टाकली की कापलेला भाग नाहीसा होत नाही, नुसता लपतो. कोरलड्रॉमधील क्रॉप टूल मात्र भाग खरोखर काढून टाकते. तेथे पॉवरक्लिप वापरावे, म्हणजे चित्र चौकटीच्या आत शाबूत राहते आणि पुढेमागे सरकवता येते.

खोडू नका, झाका

बॅकग्राउंड काढण्याचे दोन मार्ग आहेत. इरेझरने खोडणे हा एक आणि मास्कने झाकणे हा दुसरा. दुसरा मार्गच धरावा. मास्कवर काळा रंग फिरवला की चित्राचा तो भाग लपतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. कान चुकून कापला गेला तरी तो परत आणता येतो. फोटोशॉपचा पैसा परवडत नसेल तर गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातही लेअर आणि मास्क आहेत.

मॅजिक वँड हे टूल सारख्या रंगाचा भाग एकदम निवडते. एकरंगी पडद्यासाठी ते ठीक. घराच्या भिंती, झाडे, माणसे मागे असतील तर पेन टूलने कडेने रेघ ओढत जावे. सुरुवातीला एका चेहऱ्याला अर्धा तास लागेल. महिन्याभरात हात बसतो.

निवड झाली की ती एक-दोन पिक्सेल आत घ्यावी, म्हणजे कडेला जुन्या बॅकग्राउंडची पांढरी झालर राहत नाही. कडेला अगदी थोडा मऊपणा द्यावा. काम तपासण्यासाठी खाली भडक लाल रंगाचा लेअर ठेवून पाहावे. राहिलेली घाण लगेच नजरेस येते.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत केसांची कड बॅकग्राउंडमध्ये विरघळलेली असते. तेथे हट्टाने निळा रंग भरला की माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. अशा वेळी मूळच्याच छटेचा राखाडी रंग घ्यावा आणि त्यात फोटोतल्यासारखा थोडा दाणा मिसळावा.

पांढरी टोपी, पांढरी दाढी

आपल्याकडे हा प्रश्न नेहमीचा आहे. मागे पांढरा पडदा, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा कुर्ता आणि दाढीही पांढरी. मॅजिक वँड पडद्याबरोबर टोपीही खाते आणि दाढी अर्धी होते. मोबाइलमधले बटणही येथे वारंवार फसते. यावर उपाय म्हणजे मॅजिक वँडचा 'टॉलरन्स' नेहमीच्या ३२ वरून १० च्या आत आणणे, आणि तरी न जमल्यास टोपीची कड पेन टूलने हाताने काढणे. खाली गडद रंग ठेवला की कोठे भोक पडले ते कळते. नवा फोटो काढत असाल तर माणसाला पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवावे आणि एका बाजूने उजेड द्यावा. टोपीला हलकी सावली मिळते आणि पुढची मेहनत वाचते.

कागदपत्रांचे फोटो

येथे मात्र बॅकग्राउंड काढण्याचा मोह टाळावा. पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संगणकाने फेरफार केलेला फोटो चालत नाही. डोके धार्मिक कारणाने झाकलेले चालते. पण हनुवटीपासून कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दिसला पाहिजे. म्हणून खरा पांढरा पडदा लावूनच फोटो काढावा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयवर ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. हे माप तयार करून ठेवावे. चेहरा उजळ करणे, डाग पुसणे असे लाड कागदपत्रांच्या फोटोत करू नयेत. फोटो नापास झाला तर गिऱ्हाइकाची फेरी वाया जाते आणि नाव आपले खराब होते.

फोटो ही अमानत

लोक आपल्या घरातील माणसांचे, आया-बहिणींचे फोटो आपल्या हाती देतात. ती अमानत आहे. बॅकग्राउंड काढून देणाऱ्या अनेक मोफत सेवा फोटो प्रथम आपल्या दूरच्या संगणकावर चढवून घेतात. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याच्या घरचा फोटो तेथे पाठवू नये. नमुना म्हणून दुकानाच्या काचेवर किंवा व्हॉट्सॲपवर लावायचा असेल तरी आधी परवानगी घ्यावी.

मूळ स्कॅन टिफ किंवा पीएसडी स्वरूपात ठेवावा. जेपीईजी प्रत्येक वेळी नव्याने सेव्ह करताना थोडी झीज होते. ते फक्त शेवटी द्यायच्या प्रतीसाठी. पारदर्शक बॅकग्राउंड हवे असेल तर पीएनजी. चार बाय सहा इंचाचा रंगीत फोटो ६०० डीपीआयवर सुमारे २६ एमबीचा होतो. १९९९ साली आम्हाला ही उधळपट्टी वाटली असती. आज एका स्वस्त पेनड्राइव्हवर असे शेकडो स्कॅन मावतात. जागेची सबब आता उरलेली नाही.

काम झाल्यावर आम्ही गिऱ्हाइकाला कापलेला फोटो देतो आणि पूर्ण मूळ स्कॅनही त्याच्या पेनड्राइव्हवर टाकून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आपल्याकडची प्रत ठेवायची की पुसायची तेही त्यालाच विचारतो. याला दोन मिनिटे लागतात. गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही घेऊन येते, हा आमचा अनुभव आहे. आज त्याला फक्त चेहरा हवा असतो. उद्या त्याची नातवंडे मागचे घर विचारतील, तेव्हा ते दाखवता आले पाहिजे.