पाणी सेंटिमीटरमध्ये, माणसं अंदाजात

138.68 मीटर. सरदार सरोवर काठोकाठ भरलं की नर्मदेचं पाणी समुद्रसपाटीपासून बरोबर एवढ्या उंचीवर येऊन थांबतं. दशांशचिन्हापुढे दोन आकडे, म्हणजे हिशोब थेट सेंटिमीटरपर्यंतचा.

धरणापासून मागे हे पाणी 214 किलोमीटर पसरतं. पुण्याहून निघून नाशिक गाठावं, एवढं लांब तळं. त्यात सुमारे 950 कोटी घनमीटर पाणी मावतं. दहा हजार लिटरच्या टँकरने ते उपसायला घेतलं, तर 95 कोटी खेपा होतील. कोयनेच्या शिवसागरासारखे तीन भरलेले जलाशय त्यात ओतले तरी जागा उरेल.

पाण्याचा हिशोब इतका चोख. आता त्या पाण्याखाली गेलेल्या घरांचा हिशोब पाहू.

नर्मदा पाणीतंटा लवादाने 1979 मध्ये निवाडा दिला, तेव्हा बुडीतातली कुटुंबं सहा हजारांच्या थोडी वर धरली होती. 1987 मध्ये तोच आकडा 12 हजारांवर गेला, 1991 मध्ये 27 हजारांवर आणि पुढे नव्वदच्या दशकातच 40 हजारांवर. या काळात पाण्याची ठरलेली रेषा वर सरकली नव्हती. गावं मोजली तर 245: मध्य प्रदेशात 193, महाराष्ट्रात 33, गुजरातमध्ये 19. धरण आधी ठरलं आणि माणसं मागाहून मोजली गेली, म्हणून आकडा फुगत गेला.

तरीही मोजणी पुरी झाली नाही. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992 च्या अहवालात लिहिलं, की जलाशयामुळे किमान एक लाख माणसं उठतील आणि कालव्यांच्या जाळ्याची झळ आणखी 1 लाख 40 हजार शेतकऱ्यांना बसेल. कालव्यात ज्यांची जमीन गेली, त्यांना बुडीतातल्या लोकांसारखे प्रकल्पग्रस्त मानलंच गेलं नव्हतं. म्हणजे यादीतल्या माणसांपेक्षा यादीबाहेरची माणसं जास्त.

महाराष्ट्रातली 33 गावं सातपुड्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यांत पहिलं बुडालं. या भागात एक शब्द रुळला आहे: ‘अघोषित’. घर बुडालं, शेत बुडालं, पण सरकारी यादीत नाव नाही, तो अघोषित प्रकल्पग्रस्त. जंगलातली जमीन बापजाद्यांपासून कसायची, पण सातबारा नावावर नाही. अशा माणसाला आपण बुडालो हेही कागदाने सिद्ध करावं लागतं.

लवादाचा निवाडा मात्र स्पष्ट होता. पात्र खातेदाराला किमान दोन हेक्टर सिंचनाची जमीन, सज्ञान मुलाचं कुटुंब वेगळं आणि हे सगळं पाणी चढण्याआधी. त्याला 37 वर्षं उलटल्यावर, फेब्रुवारी 2017 मध्ये, जमीन न मिळालेल्या 681 कुटुंबांना प्रत्येकी 60 लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. एकूण रक्कम 408 कोटी 60 लाख. निवाड्याच्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर सदतीस-अडतीस वर्षांचं झालेलं असेल.

ही झाली एका धरणाची गोष्ट. देशात धरणं, खाणी, कारखाने, रस्ते आणि अभयारण्यं यांसाठी किती माणसं उठवली गेली, याची एकत्रित सरकारी नोंद आपल्याकडे नाही. अभ्यासक वॉल्टर फर्नांडिस यांचा अंदाज असा, की 1947 ते 2000 या काळात विस्थापित आणि बाधित मिळून सुमारे सहा कोटी. महाराष्ट्राच्या 2011 च्या लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त. फाळणीत दोन्ही बाजूंनी घर सोडलेल्यांच्या जवळजवळ चौपट. सेकंदाला एक नाव घेत रात्रंदिवस मोजत बसलं, तर सहा कोटी नावं संपायला 694 दिवस लागतील. दोन वर्षांना जेमतेम छत्तीस दिवस कमी.

त्यांतले सुमारे 40 टक्के आदिवासी. देशाच्या लोकसंख्येत आदिवासींचा वाटा 8.6 टक्के. देशाच्या विकासाची किंमत त्यांनी आपल्या वाट्याच्या साडेचार पटींहून जास्त मोजली आहे.

2011 च्या जनगणनेत घर का सोडलं, या प्रश्नाला ठरलेली उत्तरं होती: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतरचं स्थलांतर, कुटुंबासोबत आणि ‘इतर’. धरणाने उठवलेल्या माणसाला त्यात स्वतःचा रकाना नव्हता. सातपुड्यातला डोंगर, नदी, देवस्थान आणि शेत सोडून आलेला माणूस देशाच्या दफ्तरात ‘इतर’ म्हणून जमा झाला.

जो मोजला जात नाही, त्याला जमीन मिळत नाही, मोबदला मिळत नाही आणि न्यायालयात त्याच्या बाजूने मांडायला आकडाही मिळत नाही. म्हणून मागणी साधी आहे. 2027 च्या जनगणनेत ‘प्रकल्पामुळे विस्थापित’ असा स्वतंत्र रकाना हवा. गावनिहाय यादी ग्रामसभेत वाचून दाखवली जावी आणि ती पुरी होईपर्यंत कोणत्याही नव्या धरणाचे दरवाजे बंद करून पाणी अडवलं जाऊ नये. पाणी सेंटिमीटरपर्यंत मोजणाऱ्या देशाला आपली माणसं मोजता येतात. त्यासाठी आपण सगळ्यांनी हा रकाना मागितला पाहिजे.